उचगावला रक्त घ्यायला गेलो, त्याची हकीकत

ईशान, मीरा, तुम्ही कोल्हापूर पाहिलेलं नाही. तुमचा बाबा लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत तिथे असायचा, पण तुम्हाला न्यायचं राहूनच गेलं. या डिसेंबरात, २००९ संपता संपता, मी पाच दिवस जाऊन आले. देवळांची आणि तलावाची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल, म्हणून ती इथे लिहीत नाही. मी गेले होते आपल्या माणसांचं रक्त गोळा करायला. तिथे जे झालं ते तुमच्या कामाचं आहे.

आधी माणसं सांगते. आजोबांचं गाव उचगाव, कोल्हापूरला अगदी चिकटून. तिथे त्यांचे धाकटे भाऊ अण्णा राहायचे. अण्णांना जाऊन तेरा वर्षं झाली. आता घरात त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ हौसाबाई, तिचा मुलगा बापू आणि बापूची बायको सुरेखा. बापू छत्तीस वर्षांचा आहे आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत वाळूचे साचे भरतो. हौसाबाईच्या घराच्या पुढच्या खोलीत दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ गल्लीतल्या म्हशींचं दूध तिथे येतं, तपासलं जातं, कॅनमध्ये भरून टेम्पोने जातं. तिथला कारभार हौसाबाईचा, आणि आवाजही तिचाच.

नोव्हेंबरात सुरेखाचा फोन आला. "काकी, ह्यांना जिना चढवंना झालाय. दवाखान्यात चला म्हटलं की भट्टीचा धूर हाय म्हणत्यात अन् विषय बंद."

धुराचं कारण मला पटलं नाही. आजोबा बावन्नाव्या वर्षी गेले आणि अण्णा पन्नासाव्या. त्याच सुमारास माझ्या पुण्याच्या डॉक्टरांनी मला एका संशोधन संस्थेचं नाव सांगितलं. हृदयाचा स्नायूच सैल पडत जातो, हृदय फुगतं आणि रक्त नीट ढकलेनासं होतं, असा एक आजार असतो आणि तो काही घराण्यांत उतरतो. अशा घराण्यातल्या आजारी आणि धडधाकट, दोन्ही माणसांचं रक्त त्यांना हवं होतं. मी मनात हिशेब केला. दवाखान्याचं नाव काढलं तर बापू पळेल, संशोधनाचं काढलं तर बसेल. मी होकार दिला.

सोमवार, रस्त्यात

संस्थेने पाठवलेली मुलगी शर्वरी, अठ्ठावीस वर्षांची. सोबत दोन बॅगा, एक छोटं गरगर फिरवायचं यंत्र आणि थर्मोकोलचा खोका. खोका उघडला की आतून पांढरी वाफ यायची. तो कोरडा बर्फ, म्हणाली. मी तिचं ओळखपत्र मागितलं, संस्थेचं पत्र मागितलं, नैतिकता समितीची परवानगी मागितली. तिने तिन्ही कागद क्रमाने काढून दिले. मला त्यानेच जास्त संशय आला. मी चौतीस वर्षं शाळेत काढली आहेत, आणि ज्या मुलीच्या वहीत एकही खाडाखोड नसते तिची वही मी दोनदा तपासत असे.

"रक्त फुकट तपासणार, म्हणजे त्याचं पुढे काय करणार?" मी विचारलं.

"फुकट तपासणार असं नाही आजी. तपासून काय कळतं, तेच अजून शोधतोय."

कराडच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला आणि खिडकीतून गुऱ्हाळाचा गोड, किंचित जळका वास येऊ लागला. तिथे तिने मला मायक्रोआरएनए समजावून सांगितलं. मला समजलं तसं तुम्हाला सांगते. प्रत्येक पेशीत शरीराच्या सगळ्या पाककृतींची एक मोठी वही असते. आज कोणती पाककृती करायची नाही, हे सांगणाऱ्या अगदी लहान लहान चिठ्ठ्याही पेशीत असतात. त्या चिठ्ठ्या म्हणजे मायक्रोआरएनए. हृदयाचा स्नायू आजारी पडला की त्यातल्या काही चिठ्ठ्या कमी होतात, काही वाढतात, आणि काही बाहेर रक्तात येतात. रक्तातून त्या मोजता आल्या तर धाप लागायच्या कितीतरी आधी आजार ओळखता येईल, अशी या लोकांची आशा आहे.

"आशा," मी म्हटलं.

"हो आजी, सध्या आशाच."

मग तिने मला फॉर्म दिला. इंग्रजीत होता. घराण्याचा वृक्ष काढायचा, प्रत्येकाचं वय, आजार, मृत्यूचं कारण. मी तो फाउंटन पेनाने, नीट, काहीही न गाळता भरला. तो शर्वरीशिवाय कुणी वाचणार नव्हतं.

मंगळवार, उचगाव

कोल्हापूरचा पाहुणचार पुण्याहून आलेल्या माणसाला थोडा धमकीसारखा वाटतो. पुण्यात आपण विचारतो, चहा टाकू का. इथे कप हातात आल्यावर कळतं की चहा झालेला आहे. सोमवारी संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा मटण शिजत होतं. शर्वरीने बजावून सांगितलं की उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, आणि आज रात्री फार तेलकट नको.

हौसाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "उपाशीपोटी? पावणं, बकऱ्याला सुद्धा आमी पाणी पाजून नेतो."

"आत्या!" सासूला दटावत सुरेखाने तोंडाला पदर लावला.

पांढरा रस्सा मी दोन वाट्या प्यायले. आयुष्यात इतकं चांगलं काही प्यायलेलं नाही. पण तेही लक्ष ठेवूनच, कारण समोर बापू बसला होता आणि तो नीट जेवत नव्हता. रस्सा भुरकून मधे थांबायचा, पुन्हा भुरकायचा. पायात मोजे होते. घरात, चुलीच्या उबेत मोजे! पावलांवरची सूज लपवायला माणूस मोजे घालतो, हे मला माहीत आहे.

मंगळवारी सकाळी दूध घालणाऱ्यांची रांग संपली आणि सगळे जमले. बापू, हौसाबाई, सुरेखा आणि गावातच राहणारे आजोबांच्या बहिणीचे दोन मुलगे. मला वाटलं होतं, शर्वरी थोडं गोड बोलून काम उरकेल. तिने तसं काही केलं नाही. "तुम्हाला या तपासणीचा निकाल मिळणार नाही," ती म्हणाली. "कोणत्या चिठ्ठीचा अर्थ काय, हे अजून जगात कुणालाच पक्कं माहीत नाही. तुम्हाला हृदयाचा आजार आहे का, हे पाहायचं असेल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावी लागेल. ती दवाखान्यात होते."

"मग रक्त दिऊन आमाला काय मिळनार?" बापूने विचारलं.

"काहीच नाही. पुढे कदाचित दुसऱ्या कुणाला मिळेल."

बापू मोठ्याने हसला. "आई, बघितलंस? असं तोंडावर खरं बोलनारं माणूस पैल्यांदा घरात आलंय. घ्या ताई, घ्या किती पायजे तेवढं."

हौसाबाई म्हणाली, "म्हंजी काळीज चिठ्ठ्या पाठवतंय अन् वाचाय कुनाला येत न्हाय, असंच की?"

"अगदी असंच," शर्वरी म्हणाली.

सगळे हसले. मी हसले नाही. मुलगी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेते आहे असं मला वाटलं, आणि बापूचा उत्साह तर मुळीच आवडला नाही. निकाल कळणार नाही म्हणूनच हा हात पुढे करतो आहे, हे मला स्वच्छ दिसत होतं.

दहा वाजता दहा नळ्या भरून झाल्या आणि लाइट गेली. लोडशेडिंग. आता तीन वाजेपर्यंत येणार नाही, असं सुरेखा म्हणाली. शर्वरीचा चेहरा उतरला. रक्त त्या यंत्रात फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं करायचं असतं, तेही एक-दोन तासांत. पिवळं पाणी मिळालं की मग ते कोरड्या बर्फात. सुरेखाला एक मंडपवाला माहीत होता, वरातीत दिव्यांसाठी जनरेटर भाड्याने देणारा. तिने लुना काढली, शर्वरीला मागे बसवलं आणि दोघी शिरोलीच्या रस्त्याने गेल्या. जाताना शर्वरीने नळ्यांचं स्टँड माठाजवळ सावलीत ठेवलं आणि मला सांगितलं, "आजी, लक्ष ठेवा. कुणाला हात लावू देऊ नका."

मी खुर्ची घेऊन समोर बसले. पहाटे चारला म्हशींच्या गडबडीत उठलेली, पोटात कालचा रस्सा. माझा डोळा लागला.

मंगळवारीच, दुपारी

जाग आली ती टेम्पोच्या आवाजाने. जनरेटर आला होता. त्याला अजून कुठल्याशा लग्नाची झिरमिळी चिकटलेली होती. माठाजवळचं स्टँड रिकामं होतं.

मी एकेकाला विचारायला सुरुवात केली. शाळेत काही हरवलं की करायची तशीच, वयाने लहान त्याच्यापासून. सुरेखा तर बाहेर होती. दोन्ही भाचे रक्त देऊन लगेच घरी गेले होते. घरात होता तो बापू, रजा टाकून कॉटवर पडलेला.

"बापू, नळ्या कुठे आहेत?"

"मला काय म्हाईत काकी?"

"तुला दवाखाना नको आहे. तुला धाप लागते हे कागदावर यायला नको आहे. पायात मोजे का आहेत ते मला कळतं. नळ्या कुठे टाकल्यास?"

तो उठून बसला. रागाने त्याचे कान लाल झाले होते. "काकी, मला नको असतं तर मी तोंडावर न्हाय म्हनालो असतो. चोरून मारायची सवय आमच्यात न्हाय. उचगावात ऱ्हातोय मी, काय पुन्यात..." त्याने वाक्य तोडलं आणि श्वास घेतला. एवढंच बोलायला त्याला दोन श्वास लागले. ते शर्वरीनेही पाहिलं.

तेवढ्यात हौसाबाई दुधाच्या खोलीतून आली. हातात पातेलं, पातेल्यात बर्फ, बर्फात आमच्या दहा नळ्या उभ्या. "कशाला भांडतासा? हाय की रक्त. गारेगार हाय."

"मावशी, हे कुठे ठेवलं होतं?" शर्वरीचा आवाज अगदी बारीक झाला.

"डीप फ्रिजात, बर्फाच्या लाद्यांमदी. ऊन-ऊन तसंच ठिवून गेलीस की पोरी. अगं, दूध तास-दीड तास भाईर ऱ्हायलं तर माझ्या केंद्राचा कॅन परत येतोय. रक्त तर त्याच्यापरीस म्हाग. अक्का तर घोरत हुत्या, मग म्याच उचललं."

शर्वरीने एक नळी उजेडात धरली. आत लाल दगड झाला होता. दूध गार केलं की टिकतं, पण न फिरवलेलं रक्त गोठवलं की लाल पेशी फुटतात आणि त्यांच्यातल्या चिठ्ठ्या सगळीकडे सांडतात. मग त्यात हृदयाच्या कुठल्या, हे कुणाला सांगता येत नाही. तीस वर्षं या बाईने गावाचं दूध नासू दिलं नव्हतं, आणि त्याच हाताने तिने दहा नळ्या वाया घालवल्या होत्या. हे समजल्यावर तिने पातेलं खाली ठेवलं आणि एकेक नळी पदराने पुसून शर्वरीच्या हातात दिली. बापू माझ्याकडे पाहत होता. मी त्याची माफी मागितली नाही. मागायला हवी होती, ते इथे लिहून ठेवते.

बुधवार, पुन्हा रक्त

बुधवारी सकाळी सगळे मुकाट पुन्हा जमले. जनरेटर आधीच सुरू करून ठेवला. नळ्यांवरचे नंबर बदलणार म्हणून कागदही नवे करायचे होते. मला गिचमिड अक्षर खपत नाही, म्हणून मीच म्हटलं, सुरेखाचं अक्षर चांगलं आहे, तिला करू दे. ती बी.कॉम. झालेली आहे. मी माझी फाइल, सोमवारी भरलेला फॉर्म होता ती, तिच्यापुढे सरकवली, यातली नावं उतरवून घे म्हटलं, आणि मी पोहे खायला गेले.

मी परत आले तेव्हा तिचं पेन थांबलेलं होतं.

"काकी," ती म्हणाली, "मोठ्या काकांच्या नावापुढं तुमी हृदयाच्या स्नायूचा आजार लिवलाय. निदान, एकोणीसशे एकोणनव्वद. काका तर एक्क्याण्णवला गेले."

"हो."

"आमाला अटॅक म्हनून सांगितलं हुतं."

हौसाबाईच्या हाताला शर्वरी पट्टा बांधत होती. हौसाबाईने हात काढून घेतला. "काय लिवलंय? मराठीत सांग."

सुरेखाने सांगितलं.

"दोन वर्सं आदी कळलं हुतं?" हौसाबाई माझ्याशी हळू बोलली. ती हळू बोलते तेव्हा काय होतं, हे मला त्या दिवशी कळलं. "अक्का, आमचं हे शाण्णवला गेलं. दोन वर्सं धापत हुतं. आमी दम्याचं औषध घालत बसलो. कुनी म्हनलं दमा, आमी म्हनलं दमा. तुमास्नी म्हाईत हुतं?"

मुलांनो, आता हे तुम्हालाही सांगते. मला माहीत होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं की हे रक्ताच्या नात्यात असू शकतं, भावाला आणि मुलाला तपासून घ्या. आजोबा म्हणाले, कुणाला सांगू नकोस. ते गेल्यावर ते बंधन माझ्यावर उरलं नव्हतं. पण तेव्हा तुमच्या बाबाचं लग्न ठरत होतं. घराण्यात आजार आहे म्हटलं असतं तर तुमच्या आईच्या माणसांनी पाऊल मागे घेतलं असतं, अशी मला भीती वाटली. अटॅक म्हटलं की लोक हळहळतात आणि पुढचं काही विचारत नाहीत. मी तोच शब्द सगळ्यांना सांगितला. अण्णांना सुद्धा. पुढे अण्णांना धाप लागल्याचं पत्र आलं, तेव्हा मी उत्तरात कुणा चांगल्या डॉक्टरला दाखवा एवढंच लिहिलं. कारण लिहिलं नाही.

"माहीत होतं," मी हौसाबाईला म्हटलं.

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग तिने हात पुन्हा शर्वरीपुढे केला. "घे गं पोरी." आणि तोंड न वळवताच बापूला म्हणाली, "उद्या दवाखान्यात जायाचं. ती कसली इको का काय, ती काढायची. न्हाय म्हनालास तर मी म्हसरं इकून टाकीन."

"आई, म्हसरांनी काय केलंय..."

"मोजं काढ. बघू दे पाय."

बापूने मोजे काढले. घोट्यापाशी कातडी चमकत होती. सुरेखाने अंगठ्याने दाबलं, तर खळगा पडला आणि तसाच राहिला. तिने इतके दिवस हे पाहिलेलं नव्हतं.

शर्वरीने दहा नळ्या भरल्या, लगेच फिरवल्या आणि पिवळं पाणी कोरड्या बर्फात ठेवलं. या वेळी त्या खोक्याशेजारी हौसाबाई स्वतः बसली. कुणाला फिरकू दिलं नाही, मलासुद्धा. मला रागवायचा हक्क नव्हता.

गुरुवार, कोल्हापूर शहर

दवाखान्यात आम्ही दोन तास रांगेत होतो. समोरच्या गाडीवर मिसळ होती, आणि सुरेखाने बळेच एक ताट मला दिलं. घशाला आग लागली. त्यावर कट आणखी घालू का, असं त्या माणसाने विचारलं. बापूला भूक नव्हती.

इकोच्या खोलीत मी त्याच्यासोबत गेले. पडद्यावर त्याचं हृदय दिसत होतं, करड्या रंगाचं, मोठं, आळसावल्यासारखं हलणारं. मी ते हृदय वीस वर्षांपूर्वी एका दुसऱ्या पडद्यावर पाहिलेलं आहे. डॉक्टरांनी मापं घेतली, पुन्हा घेतली, आणि म्हणाले की हृदय वाढलेलं आहे आणि पंप कमजोर आहे, पण गोळ्या आजच सुरू केल्या, मीठ आणि जड काम बंद केलं, तर बराच फरक पडेल. लवकर आलात, असंही म्हणाले.

बापूने विचारलं, "लवकर म्हंजी? आदी कवा आलो असतो तर आनिक लवकर झालं असतं?"

डॉक्टर हसले. त्यांना ते कुणाला विचारलं आहे, हे माहीत नव्हतं. मी रिपोर्टची पानं क्रमाने लावत राहिले.

बाहेर आल्यावर बापूने गोळ्यांची पिशवी माझ्या हातातून घेतली. "काकी, तुमी चालताय ते पन हळूच की. बसा रिक्षात." एवढंच. तो माझ्याशी बोलायचा थांबला नाही, हे मी माझ्या हक्कापेक्षा जास्तीचं समजते.

शुक्रवार

निघताना हौसाबाईने तिच्या माहेरचा, शाहूवाडीकडचा लाल तांदूळ पिशवीत भरून दिला. मला दिला नाही, शर्वरीला दिला. "काळजाच्या चिठ्ठ्या वाचता आल्या की येऊन सांग," म्हणाली, "मी हाय तवर." माझ्या पाया पडली, कारण मी थोरली आहे, पण वर पाहिलं नाही. तिने मला माफ केलं असेल असं समजू नका. मीही तसं समजत नाही.

शर्वरीच्या खोक्यातल्या त्या पिवळ्या थेंबांतून कधी काही वाचता येईल, आलं तरी कुणाला उपयोगी पडेल, याची मला अजूनही खात्री वाटत नाही. पण इकोसाठी कुणी नवा शोध लावायची गरज नाही. ती तुमच्या गावातही होते.

तुमचा बाबा आता त्रेचाळीसचा आहे. त्यालाही मी अटॅक एवढंच सांगितलं आहे. त्याला वेगळं पत्र लिहायला मी तीनदा बसले आणि तिन्ही वेळा हवापाण्याचं लिहून पाकीट बंद केलं. म्हणून हे तुम्हाला लिहिलं आहे. ईशान, तुझं मराठी वाचन चांगलं आहे. रविवारी तिघांना समोर बसवून हे सगळं मोठ्याने वाच, तुमच्या आईलाही. काही गाळू नकोस. मग बाबाने इको करून घ्यावी, आणि तुमची दोघांची कधी करायची ते तिथल्या डॉक्टरांना विचारावं.

तिन्ही रिपोर्ट मला टपालाने हवेत, छापलेले, डॉक्टरांच्या सहीचे. सगळं ठीक आहे, असं कुणी फोनवर सांगितलं तर मी ते मानणार नाही. ते किती सहज सांगता येतं, हे मी अठरा वर्षं करून पाहिलेलं आहे.